न धरलेले गुण

माझी मामेबहीण अमेरिकेत शिकते. तिथल्या ‘फर्स्ट’ यंत्रमानव स्पर्धेत तिघा संघांविरुद्ध तिघे उतरतात. गुण मात्र तिघांचे मिळून. मग कोणाचे किती? प्रत्येक संघासाठी एक अज्ञात संख्या धरायची, दर सामन्याची दोन समीकरणे मांडायची आणि न्यूनतम वर्ग पद्धतीने ती सोडवायची. याला ओपीआर म्हणतात. संख्याशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी मोठ्या ऐटीत गणित केले. तिचा संघ तळाशी!

फोनवर ती गप्प झाली. मग म्हणाली, “दादा, आम्ही दिवसभर समोरच्यांची वाट अडवत होतो.”

अडवलेले गुण माझ्या समीकरणांत कुठेच नव्हते. दुसऱ्या दिवशी बाद फेरीसाठी जोडीदार निवडणाऱ्यांच्या हातातही असलाच कागद होता. तिच्या संघाला कोणी घेतले नाही.