टायरची जन्मतारीख

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात मी अकरा वर्षं टायर चढवले आणि उतरवले. १९९८ मध्ये गेलो, २००९ मध्ये कायमचा परतलो. गावात कुणी विचारलं तर 'गॅरेजमध्ये आहे' एवढंच सांगायचो. आमच्याकडे आखातातून आलेला माणूस म्हणजे इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा वास आणि हातात दोरीने बांधलेली मोठी पेटी. नखात काळी रबराची भुकटी असलेला माणूस त्या चित्रात बसत नसे. खेड तालुक्यातल्या आमच्या गावातून पूर्वी माणसं जहाजावर जात. अब्बाही जहाजी होते. पुढे सारा ओघ आखाताकडे वळला आणि आम्ही भाऊ त्यातच वाहत गेलो.

दुकान पत्र्याच्या शेडचं होतं. माझा उस्ताद पेशावरकडचा पठाण. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण टायरवरचा प्रत्येक आकडा त्याला कळत असे. त्यानेच मला शिकवलं. २७५/७० आर १६ असं लिहिलेलं असतं त्यातला २७५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे त्या रुंदीच्या सत्तर टक्के एवढी त्याच्या कडेची उंची. १६ म्हणजे रिम सोळा इंचांची. "आदमी का नाम भूल जा, टायर का नंबर मत भूल," असं तो म्हणायचा.

गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे झुंबड उडे. शुक्रवारी पहाटे वाळूत जाणारी मंडळी गाड्या घेऊन येत. त्यात अरब मुलं असत, गोरे साहेब असत, आणि हळूहळू आपले पैसेवाले लोकही दिसू लागले. लँड क्रूझर, पेट्रोल आणि त्यांच्याही वर लेक्सस. मागणी एकच, मोठा टायर हवा. गाडी उंच दिसली पाहिजे, टायर बाहेर आला पाहिजे, त्यावर खोल खाचा हव्यात. उस्तादला या खाचांचा राग होता. तो म्हणायचा, चिखलाला नखं लागतात, वाळूला तळवा लागतो. उंटाचा पाय बघ आणि बकरीचा खूर बघ. खरंच होतं ते. चिखलाचा टायर मऊ वाळूत खणत खाली जातो. वाळूत गाडी तरते ती मुख्यतः हवा कमी केल्याने. पस्तीसची हवा पंधरावर आणली की टायर पसरतो, जमिनीला लांब चिकटतो आणि गाडीचं ओझं वाटलं जातं. फक्त सडकेवर परत येताना हवा भरायची आठवण हवी. पण हे फुकटातलं ज्ञान. दुकानात फुकटाची गोष्ट कुणी सांगत नाही आणि गिऱ्हाइकालाही ती नको असते.

२००३ च्या नोव्हेंबरात चाचा आले. मी त्यांना चाचा म्हणतो, कारण ते आमच्या शेजारच्या तालुक्यातले, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. मजुरापासून सुरुवात करून बांधकामाचे ठेकेदार झालेले. त्यांनी १९९९ च्या मॉडेलची लेक्सस एलएक्स ४७० जुनी विकत घेतली होती. मोत्यासारखा पांढरा रंग. मी दोन शब्द बोललो तसे ते थबकले. "कोकणातला ना तू?" गाव विचारलं, अब्बांचं नाव विचारलं, आणि मालकाकडे न बघता मला म्हणाले, "आता तूच सांग बेटा, कुठले टायर घालू? आपला माणूस आहेस."

हे वाक्य मी वीस वर्षं वागवलं आहे.

ती गाडी म्हणजे एक नवलच होतं. तिला साध्या स्प्रिंगांच्या जोडीला तेलावर चालणारं सस्पेन्शन होतं. बटण दाबलं की अंग वर उचले, परत दाबलं की माणसं उतरण्यासाठी उंटासारखी खाली बसे. मूळ टायर २७५/७० आर १६, म्हणजे साधारण ७९१ मिलिमीटर उंचीचा. चाचांना हवा होता २८५/७५, म्हणजे ८३४ चा. फरक त्रेचाळीस मिलिमीटर. लोकांना वाटतं गाडी तेवढी वर जाईल. ती निम्मीच जाते, कारण निम्मा टायर धुऱ्याच्या वर असतो. गाडीवाला एवढा खर्च करतो तो बोटभर उंचीसाठी. शिवाय चाक मोठं झालं की एका फेरीत ते जास्त अंतर कापतं. काटा शंभर दाखवतो तेव्हा गाडी एकशे पाचने धावत असते. ब्रेकवर ओझं वाढतं, पेट्रोल जास्त लागतं.

हे सगळं मी चाचांना प्रामाणिकपणे सांगितलं. टायरच्या खांद्याला खडू फासला, गाडी खाली बसवली आणि स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवून खडूचा डाग आत कुठे लागतो ते दाखवलं. मडगार्डच्या आतलं प्लास्टिक कुठे कापावं लागेल ते सांगितलं. स्टेपनी खालच्या जागेत बसते का तेही मोजलं. चाचा खूश झाले.

एकच गोष्ट सांगितली नाही.

त्या मापाचे टायर मालकाकडे गोदामात पडून होते. टायरच्या कडेवर एका लांबट चौकटीत त्याची जन्मतारीख असते. २००० सालापासून ती चार आकडी झाली. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. त्याआधी तीनच आकडे असत. या टायरांवर होतं ४१७. सत्त्याण्णव सालचा एक्केचाळिसावा आठवडा. म्हणजे सहा वर्षांचे टायर. त्यातले सहा उन्हाळे पत्र्याखालच्या गोदामात गेलेले. वरून कोरे करकरीत, खाचांतले केससुद्धा शाबूत. पण रबर न वापरताही म्हातारं होतं. उष्णतेने आणि हवेने ते कोरडं पडतं आणि आतल्या पोलादी पट्ट्यांवरची त्याची पकड सुटत जाते. ते डोळ्यांना दिसत नाही.

मी पहिला टायर रिमवर ठेवला तेव्हा आकडा वर होता. मालक बाजूला उभा होता. त्याने तोंडाने काही म्हटलं नाही, फक्त पंजा पालथा करून खूण केली. आकडा टायरच्या एकाच बाजूला असतो. मी टायर उलटा केला. मग उरलेले तीनही तसेच चढवले, कुणी खूण न करता. उस्ताद त्या दिवशी सुट्टीवर नव्हता. तो दुसऱ्या गाडीखाली होता आणि त्याने पाहिलं. रात्री खोलीवर तो माझ्याशी बोलला नाही.

माझा पगार नऊशे दिरहम होता. बहिणीचं लग्न ठरलं होतं. चाचांनी जाताना शंभराची नोट माझ्या खिशात घातली. हे मी सफाई म्हणून लिहीत नाही. नोकरी गेली असती का? कदाचित गेली असती. पण मी विचार करून ठरवलं आणि मग केलं, असंही नव्हतं. हात आपोआप वळला, हेच मला जास्त लागतं.

जून २००४ मध्ये धैदकडच्या रस्त्यावर चाचांच्या गाडीचा मागचा डावा टायर गेला. फुटला नाही, वरची अख्खी खाचांची पट्टी शहाळ्याच्या सालीसारखी सोलून निघाली. गाडी आडवी झाली, सडक सोडून वाळूत शिरली आणि एका बाजूला कलून थांबली. गाडीत चाची होत्या आणि त्यांची सात वर्षांची मुलगी. मुलीचा हात दोन ठिकाणी मोडला. अल्लाहच्या कृपेने बाकी कुणाला काही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी चाचा पिकअपमध्ये तो टायर टाकून दुकानात आले. भांडायला नव्हे, विचारायला. टायर जमिनीवर आडवा टाकला. चौकट वर होती. ४१७. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, पण वाचणारे आम्हीच तिघं. मालकाचं उत्तर तयार होतं. २००० साली अमेरिकेत फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवरचे पट्टी सुटणारे लाखो टायर फायरस्टोनला परत घ्यावे लागले होते आणि त्या वेळी गाडीवाल्यांनी कंपनी आणि टायरवाल्यांनी हवा असा वाद झाला होता. आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना तो ठाऊक होता. मालक म्हणाला, "वाळूतून आल्यावर हवा भरली नसेल. कमी हवेवर पळवली की टायर तापतो." ही गोष्ट खोटी नाही. कमी हवेचा टायर तापतोच. म्हणूनच ती इतकी सोयीची होती.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग बेटा."

मी म्हणालो, "हवाच कमी असणार, चाचा."

ते आठवू लागले. शुक्रवारी वाळूत गेलो होतो, येताना पंपावर हवा भरली होती बहुतेक, की नव्हती भरली? माणूस आपल्याच आठवणीवर शंका घेताना कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. शेवटी म्हणाले, "माझीच चूक." आणि नवे टायर घेऊन गेले. मूळ मापाचे.

उस्ताद त्याच वर्षी मुलकाला परतला. जाताना त्याने मला हवेचं जुनं पितळी गेज दिलं. का दिलं ते मी विचारलं नाही.

मी २००९ मध्ये आलो आणि मुंबई–गोवा महामार्गावर छोटं टायरचं दुकान टाकलं. मधल्या काळात उमराह करून आलो होतो. तिथे रडलो, तौबा केली. पण मौलवीसाहेबांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेलं होतं की बंद्याचा हक्क बंद्यानेच माफ करायचा असतो. बंदा कुठे आहे ते मला माहीत होतं. फक्त जायचं होतं. गेलो नाही.

चाचाच आले, २०२३ च्या पावसाळ्याआधी. सगळं आवरून गावी परतले होते. सोबत मुलगी, आता डॉक्टर, फॉर्च्युनर तीच चालवत होती. तिला मोठे टायर हवे होते. रस्त्याचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रेंगाळलेलं, खड्डे असे की पावसात रुग्णाकडे जाणं कठीण, हा तिचा मुद्दा. मी तिला हिशेब सांगितला. २६५/६० च्या जागी २८५/६० घातले तर गाडी फक्त बारा मिलिमीटर वर जाईल. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर गाडीत बदल करण्यावर निकाल दिला आहे, तेव्हा उद्या अपघात झाला तर विमावाल्याला बोट ठेवायला जागा मिळेल. कंपनीच्याच मापाचा, जरा मजबूत कडेचा टायर घे. तिला पटलं.

चाचा खुर्चीवर बसून होते. म्हणाले, "हवा नीट बघ हो. माझ्याकडून एकदा चूक झाली होती. हिची अम्मी शेवटपर्यंत म्हणायची, तुमच्या वाळूच्या शौकापायी पोरीचा हात मोडला." चाची २०१७ मध्ये वारल्या होत्या.

मी पाना खाली ठेवला. मुलगी फोनवर बोलत रस्त्याकडे गेली होती. मी चाचांच्या समोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. ४१७ चा अर्थ सांगितला, पंजाची खूण सांगितली, बाकीचे तीन टायर कुणीही न सांगता उलटे केले तेही सांगितलं. मालकावर ढकललं नाही. ढकलण्यासारखं होतं, तरी नाही.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. रस्त्यावरून ट्रक जात होते. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मी हवा भरली होती?"

"भरली असणार, चाचा."

"भरली होती," ते म्हणाले. "धैदच्या आधीच्या पंपावर. मला आठवत होतं. मी तिला सांगितलं होतं, तिने मानलं नाही. मग मीही मानायचं सोडलं."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही मागितली नाही. शब्द घशापर्यंत आले होते, पण ज्या बाईकडे मागायला हवी होती ती कबरीत होती. थोड्या वेळाने ते म्हणाले, "पोरीला तू सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल, बाप आता स्वतःला सोडवून घेतोय."

मी तिला सांगितलं. तिने उभ्यानेच ऐकलं, उजव्या हाताने डावं कोपर धरून. मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. नंतर नव्या टायरांच्या थप्पीजवळ गेली आणि म्हणाली, "कुठे असतो तो आकडा?" मी दाखवला. चारही टायरांवर तिने स्वतः वाचला. २३ साल, सातवा आठवडा. "आकडा बाहेर ठेवून चढवा," म्हणाली. मी तसे चढवले. पैसे घेणार नव्हतो, तिने मोजून टेबलावर ठेवले आणि पावती मागितली.

ती पुन्हा दुकानात आली नाही. चाचा येतात, महिन्यातून एकदा, रिक्षाने. चहा घेतात. गाडी सोबत नसते तरी उस्तादचं पितळी गेज हातात घेऊन बघत बसतात.