यादीबाहेरचे

उन्हाळ्यात एमआयडीसीने दुरुस्तीसाठी शटडाऊन जाहीर केला की त्या एका दिवसापुरतं उल्हासनगरला बारवी धरण आठवतं. एरवी पाणी महापालिकेचं असतं: बिल तीच पाठवते, तक्रारही तिच्याकडेच जाते. पण उल्हासनगर महापालिकेला स्वतःचा जलस्रोत नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींमध्ये सिंधी निर्वासित उतरले, १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. शहर आधी बसलं आणि त्याला काय काय लागेल याचा हिशेब मागून होत राहिला. बदलापूरजवळचं बारवी धरण १९७२ चं, तेही मुळात कारखान्यांसाठी एमआयडीसीने बांधलेलं. शहर कशाकशाच्या आधारावर चालतं हे कुठे एका जागी लिहिलेलं नसतं. संगणकावर प्रोग्राम बसवणारा इन्स्टॉलर मात्र प्रोग्रामला काय काय लागतं ते वाचल्याशिवाय कामाला हात घालत नाही, आणि त्याची ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

डेबियन लिनक्समधल्या प्रत्येक पॅकेजसोबत माहितीचं एक टिपण असतं: मला अमुक लायब्ररी लागते, तिची निदान अमुक व्हर्जन हवी, तमक्याशी माझं जमत नाही. खालच्या पायरीवरचं डीपीकेजी हे साधन ते टिपण वाचतं आणि काही कमी असेल तर अडून बसतं. १९९८ मध्ये आलेलं एपीटी त्यापुढे जातं. लागणाऱ्या तुकड्याला आणखी काय लागतं, त्याला पुढे काय, अशी साखळी टोकापर्यंत शोधून ते सगळं आणतं आणि योग्य क्रमाने बसवतं. दोन पॅकेजांना एकाच लायब्ररीच्या न पटणाऱ्या व्हर्जन हव्या असल्या तर सगळे एकत्र नांदतील अशी मांडणी शोधावी लागते. हा प्रश्न सर्वसाधारण रूपात एनपी-कम्प्लीट आहे. प्रत्येक वेळी झटपट उत्तर देईल अशी रीत कुणाला सापडलेली नाही. तरी रोजच्या वापरात इन्स्टॉलर काही क्षणांत उत्तर काढतो. मात्र तो साखळीतली नावं जाणतो, त्या नावांमागे कोण कशा अवस्थेत उभं आहे हे जाणत नाही, आणि माझा मुद्दा तिथून सुरू होतो.

पाण्याचंही तसंच: बदलापूरच्या बॅरेजमधून उचललेलं पाणी उल्हास नदीचं म्हणून नोंदलं जातं. पाऊस सरल्यावर त्या प्रवाहाला भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्याचा मोठा आधार असतो. ते पाणी मावळातल्या आंध्रा नदीवर ठोकरवाडीला अडवलेलं, १९२२ पासून घाटाखाली उतरवलेलं. भीमेच्या खोऱ्यात पूर्वेला जायचं पाणी वीज करून बदलापूर-अंबरनाथच्या घरांत पोचतं. नळाशी उभ्या माणसाला ठोकरवाडीचं नाव माहीत असण्याचं कारणच नाही. २०२४ च्या मार्चमध्ये जगभरचे सर्व्हर अशाच एका नावावर अडखळता अडखळता वाचले. एसएसएच या दूरच्या यंत्रात शिरण्याच्या वाटेला एक्सझेड या फायली आवळणाऱ्या लायब्ररीची मुळात गरज नव्हती. पण डेबियन, फेडोरा यांनी एसएसएच यंत्रातल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीशी जोडलं होतं आणि सिस्टिमडीला एक्सझेड लागत होतं. एक्सझेड सांभाळणारा, लासे कोलिन, हे काम वर्षानुवर्षं बिनपगारी करत होता. 'जिया तान' या नावाने कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ मदत करून त्याचा विश्वास कमावला आणि आत चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो म्हणून आंद्रेस फ्रॉइंड शोधत गेला, तेव्हा तो उघडा पडला. या सगळ्यात इन्स्टॉलरची यादी शंभर टक्के बरोबर होती.

यावर लोक म्हणतात, लागणारं सगळं सामान प्रोग्रामबरोबर एकाच गठ्ठ्यात द्या. जुना प्रोग्राम चालवायला हे सोयीचं आहे खरं, पण त्याने आधार फक्त नजरेआड जातो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीमधलं भोक उघड झालं तेव्हा ते आपल्या कोणत्या गठ्ठ्यात दडलंय हे शोधण्यातच कित्येकांचे दिवस गेले. इतकं अवलंबून राहावंच कशाला, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. २०१६ मध्ये लेफ्टपॅड ही अकरा ओळींची लायब्ररी तिच्या लेखकाने काढून घेतली आणि मोठमोठे प्रकल्प थांबले. तेवढ्या ओळी ज्याच्या त्याने लिहाव्यात. पण एन्क्रिप्शन घरोघरी लिहून चालणार नाही, तसं धरणही सोसायटीगणिक बांधता येत नाही.

बारवीची उंची वाढवली तेव्हा बुडिताखाली जाणाऱ्या गावपाड्यांनी पुनर्वसनाशिवाय हलायला नकार दिला. भिंत उभी राहूनही पूर्ण साठा करता येईना. शेवटी ठरलं ते असं की प्रकल्पग्रस्त कुटुंबातल्या एकाला एमआयडीसीत किंवा धरणाचं पाणी घेणाऱ्या पालिकांमध्ये नोकरी. नोकरीने जमीन परत येत नाही, आणि ही नोकरीही अडून बसल्यामुळे मिळाली, कुणाच्या उदारपणामुळे नाही. तरी पाणी घेणाऱ्याने बुडालेल्याचं देणं लागावं हे तत्त्व इथे कागदावर आलं. एक्सझेडवर चालणाऱ्या कंपन्यांना ते लागू का नसावं? कोणाचा वाटा किती, हे ठरवणार कसं, असं कुणी विचारेल. पण एपीटीला उलटा प्रश्नही विचारता येतो: या लायब्ररीवर कोणकोणती पॅकेजं उभी आहेत? एका आज्ञेत यादी येते. राजीखुशीने कळवणाऱ्या किती यंत्रांवर कोणतं पॅकेज आहे, याची मोजदादही डेबियन कित्येक वर्षं ठेवत आलं आहे. वाटा काढायला लागणारे आकडे इन्स्टॉलर आणि डेबियनकडे आधीपासून आहेत. पैसे भरणाऱ्यांनी ते मागायचे आहेत.