एका झाडावरची बिऱ्हाडे

प्रवासात माणसाने देवळे पाहावीत, किल्ले पाहावेत. सरडे पाहायला कोणी सातासमुद्रांपलीकडे जात नाही. मीही गेलो नव्हतो. धाकटी बहीण पोर्तो रिको बेटावर सान हुआनला असते, तिच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला, एवढेच. पण भाची पडली प्राणिशास्त्राची. पहिल्याच रविवारी तिने मला एल युंकेच्या जंगलात एका झाडापुढे उभे केले.

"मामा, किती दिसतात सांग."

मला एकच दिसला. खोडावर खाली डोके करून बसलेला, तपकिरी, आणि डोळे मात्र निळे! हा गुंडलाकी. मग तिने वर हिरवागार एव्हरमनी दाखवला, शेंड्याकडे पिटुकला करडा स्ट्रॅटुलस, खाली झुडपात लांब शेपटीचा क्रुगी. सगळे अ‍ॅनोलिस कुळातले, सगळ्यांचे जेवण किडे-मुंग्या. भांडणे होतात, पण मुख्यतः भाऊबंदांत. गळ्याखालची रंगीत कातडी पंख्यासारखी फुगवून!

कोण किती उंचीवर आणि उन्हात की सावलीत बसतो, याची टिपणे स्टॅन्ली रँड यांनी १९६४ साली प्रसिद्ध केली. उंची एकच असली, तर ऊन-सावली वाटून घेतलेली. गुंडलाकी सावली सोडत नाही. त्याच्याच उंचीवर बसणारा क्रिस्टाटेलस मोकळ्यावर ऊन खातो. बहिणीच्या कुंपणावर मी रोज पाहत होतो, तो हाच.

मला गिरगावातल्या आमच्या दोन खोल्या आठवल्या. नऊ माणसे तिथे मावत होती, ती प्रेमाने म्हणण्यापेक्षा वेळापत्रकाने. पहाटेची मोरी वडिलांची, दुपारची गॅलरी आजीची, रात्री दिव्याखालचा कोपरा माझा.

पण सरड्यांची ही वाटणी झाडाच्या भरवशावर. १९८९ च्या ह्यूगो वादळाने जंगलाचे छत पाडले, तेव्हा शेंड्यावरचे स्ट्रॅटुलस मोडलेल्या फांद्यांबरोबर जमिनीजवळ आले. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया आले. "डोंगर हिरव्याचा तपकिरी झाला होता, दादा," बहीण सांगत होती. सावली गेली की गुंडलाकीने जायचे कुठे?

आम्ही निघणार, तोच उन्हाची एक तिरीप खोडावर उतरली. गुंडलाकी हलला आणि खोडाच्या पाठीमागे गेला.

"आणि तिकडेही ऊन आले म्हणजे?" मी विचारले.

भाची वहीत काही लिहीत होती.

"अकरा वाजून वीस मिनिटं," ती म्हणाली.