इंजिनला हात कोणी लावायचा?

ट्रकवर मालक असतो, ड्रायव्हर असतो आणि क्लीनर असतो. गॅरेजमध्ये मिस्त्री असतो आणि एक 'पोरगं' असतं. शिरोळ तालुक्यात ऊस, विटा, वाळू वाहणाऱ्या गाड्यांवर आपल्या समाजाची माणसे किती, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे: भरपूर. पण ती कुठल्या जागेवर आहेत? हमाल आपला, क्लीनर आपला, गेल्या दोन पिढ्यांत ड्रायव्हरही आपला झाला. मिस्त्री मात्र शोधावा लागतो.

आमचे एक चुलते अकरा वर्षे एका गॅरेजात होते. पार्ट डिझेलमध्ये धुणे, ग्रीस मारणे, ट्रकखाली उताणे पडून नट सोडणे ही त्यांची कामे. इंजिन उघडायची वेळ आली की मिस्त्री म्हणायचा, "जा, चहा सांगून ये." ते परत येईपर्यंत झाकण बसलेले असायचे. त्यांचा ग्लास खिडकीत वेगळा पालथा ठेवलेला असायचा, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. अकरा वर्षांत त्यांना सगळे पाने नंबरासकट पाठ झाले, पण अमुक नट का सोडायचा आणि किती आवळायचा, हे कोणी त्यांना सांगितले नाही.

हा काही एका गॅरेजचा स्वभाव नव्हे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे बाबासाहेबांनी तिथेच सांगितले. तेवढा भाग आपण पोस्टरवर छापतो आणि उरलेले भाषण वाचत नाही. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतला हिशेब मांडला होता. आपला माणूस गँगमन म्हणून रुळावर राबतो, पण रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून तो जवळजवळ दिसतच नाही. कापड गिरणीतही तेच. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्याला प्रवेश नाही, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्याची थुंकी सवर्ण कामगाराला चालत नाही. म्हणजे यंत्र आले, पण यंत्राजवळ कोणी जायचे हे जातच ठरवत राहिली. १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी सरकारी मदत मागितली, त्यामागचे दुखणे हेच होते.

आम्ही चुलतभावांनी मिळून जुनी ४०७ घेतली तेव्हा चुलत्यांनी एकच अट घातली: ऑइल आणि फिल्टर घरी बदलायचा, आणि घरातल्या प्रत्येक पोराने खाली शिरून बघायचे. मजुरीचे पैसे वाचतात हे खरे, पण अट त्यासाठी नव्हती.

आता काम कसे चालते ते सांगतो. गाडी सपाट जागेवर लावायची, हँडब्रेक ओढायचा, चाकांना पुढून-मागून दगड लावायचे. ट्रकची उंची पुरेशी असते, त्यामुळे नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचा शहाणपणा करू नये. इंजिन थोडा वेळ चालवून बंद करायचे. कोमट ऑइल पातळ होते आणि तळाचा गाळ घेऊन खाली येते. पार गरम असताना सोडले तर मनगट भाजते. वरचे टोपण आधी उघडायचे, मग खाली घमेले सरकवून चेंबरचा नट. शेवटचे आटे हाताने सोडायचे, नट वर दाबून धरत, आणि झटकन बाजूला घ्यायचा. पहिली धार सरळ खाली पडत नाही, ती लांब उडते. घमेले कुठे ठेवायचे हे दुसऱ्या वेळी आपोआप कळते.

ऑइल पूर्ण निथळू द्यावे. घाई नको. तोवर पट्ट्याच्या पान्याने जुना फिल्टर सोडायचा. इथे चुलते प्रत्येकाला थांबवतात आणि विचारतात, "रबर कुठं हाय?" जुन्या फिल्टरचे रबर पुष्कळदा इंजिनलाच चिकटून राहते. ते न काढता नवा फिल्टर बसवला तर दोन रबरांच्या मधून ऑइल बाहेर फेकले जाते आणि भर रस्त्यात इंजिन कोरडे पडते. मग नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावायचे, फिल्टर टेकेपर्यंत फिरवायचा आणि पुढे डब्यावर लिहिले असेल तेवढाच, साधारण पाऊण फेरा. "पाना लावू का?" असे पोर विचारतेच. "पाना न्हाई. हातानं आवळ. रबर दाबलं की बास." नटाला नवा तांब्याचा वायसर घालायचा. ऑइल कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचे घालायचे, आमच्या गाडीला १५डब्ल्यू-४०, आणि तेही पट्टी बघत बघत. सगळे एकदम ओतायचे नाही. इंजिन चालू करायचे, प्रेशरचा दिवा विझतो का ते बघायचे, खाली गळते का ते बघायचे, बंद करून थोड्या वेळाने पट्टी पुन्हा बघायची.

आणि प्रत्येक पायरीला 'का?' विचारायचे. हे आमच्याकडे सक्तीचे आहे. डिझेल इंजिनचे नवे ऑइल थोड्याच दिवसांत काळे का होते? कारण ते काजळी आपल्यात धरून ठेवते. ते त्याचे कामच आहे. म्हणून रंगावरून ठरवायचे नाही. मग किलोमीटरवरून? तेही पुरत नाही. उसाच्या हंगामात फडातून पहिल्या गियरमध्ये भरलेली गाडी बाहेर काढताना काटा फारसा पुढे सरकत नाही, पण इंजिन जीव तोडून चालत असते. अशा गाडीचे ऑइल लवकर बदलावे लागते.

वाडीत दत्ताच्या दारी नव्या गाड्या येतात, हार पडतात, चाकाखाली लिंबू चिरडले जाते. ज्याची त्याची श्रद्धा. पण खंडेनवमीला बोनेटला हळदकुंकू लावणारे किती मालक त्याच दिवशी बोनेट उघडून पट्टी बघतात, हे एकदा मोजून पाहावे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये हा फरक उघडा पडला. कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही चढल्या. नदीचे पाणी देवळात शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडले की वाडीत त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, लोक स्नानाला येतात. तेच पाणी वस्तीत शिरले की त्याला नाव नसते, फक्त पंचनामा असतो. पूर ओसरल्यावर ज्यांनी 'चालू होते का बघू' म्हणून चावी फिरवली, त्यांच्यातल्या काहींची इंजिने कायमची गेली. पाणी दाबले जात नाही; सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आमच्या वस्तीत चुलत्यांनी एकालाही चावी लावू दिली नाही. आधी पट्टी काढा, म्हणाले. पट्टीवर दुधाळ, चहासारखे काही दिसले की ऑइलमध्ये पाणी आहे. मग ऑइल सोडायचे, फिल्टर काढायचा, एअर फिल्टर आणि डिझेलची टाकी बघायची, नव्या ऑइलने धुवायचे, पुन्हा सोडायचे. ज्या माणसाला अकरा वर्षे चहा सांगायला पाठवले, त्याच्यामागे त्या आठवड्यात सवर्ण ट्रकमालकही फिरत होते. २०२१ ला पुन्हा पाणी आले, तेव्हा ते सांगायच्या आधीच लोकांनी पट्ट्या काढल्या होत्या.

एका गोष्टीवर मात्र आमचे तरुण मित्रांशी भांडण होते. काळे हात फोटोत मिरवायचे, 'कष्टकऱ्याचे हात' म्हणून स्टेटसला टाकायचे. आम्हाला हे मान्य नाही. जळालेले ऑइल वारंवार कातडीला लागले तर त्यातल्या घटकांमुळे कर्करोगाचा धोका असतो. आपल्या माणसाला मोज्यांशिवाय गटारात उतरवणाऱ्या व्यवस्थेनेही श्रमाचे असेच गोडवे गायले आहेत. रबरी हातमोजे घाला. हात स्वच्छ राहिले म्हणून कोणी कमी कष्टकरी होत नाही.

राहिले ते जळालेले ऑइल. कोणी सेंट्रिंगच्या प्लेटांना लावतो, कोणी वाळवीसाठी लाकडाला, आणि उरलेले गटारीत. वाडीतली गटार म्हणजे संगम, संगमाच्या खाली राजापूर बंधारा, पुढे कर्नाटक. २०१६ च्या नियमांनुसार हे ऑइल घातक कचरा आहे. पण नियम बाजूला ठेवा. पाण्यासाठी १९२७ साली महाडला गेलेल्या समाजाने खालच्या गावाच्या पाण्यात हे सोडायचे? आम्ही ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवतो. फिल्टरही उलटा ठेवून निथळवतो. कॅन भरले की परवाना असलेल्या रिसायकलरकडे जाते. नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्याला भोक पाडूनच तो भंगारात देतो, नाहीतर त्यात भेसळीचे ऑइल भरून तोच डबा पुन्हा बाजारात येतो.

हंगाम सुरू व्हायच्या आधी, दिवाळीच्या अलीकडच्या रविवारी, गाडीचे ऑइल बदलायचे आहे. या वेळी नट सोडणार आहे आमची पुतणी, ती आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकते. ज्यांना यायचे आहे त्यांनी यावे. जुने कपडे आणि बूट घालून या, चप्पल चालणार नाही.