वाफसा येईपर्यंत

डांबरी रस्त्यावर सगळा मुलूख चाकाला सारखाच लागतो. इंदापूर काय, राजापूर काय, टायरखाली तोच काळा पट्टा. गाडी त्या पट्ट्यावरून उतरवून पाणंदीला लावली, की तालुका बदलल्याचं कळू लागतं. आधी तळपायांना कळतं, मग मनगटांना, डोळ्यांना सर्वांत शेवटी. वेगाचं आणि उड्यांचं कौतुक मलाही आहे. पण डर्टबाइकनं मला खरं काय दिलं असेल, तर जमिनीशी सलगी.

ही गाडी उभं राहून चालवायची असते. लांबून बघणाऱ्याला ती ऐट वाटते. बसलं की अंगाचा भार सीटवर, उंचावर राहतो. उभं राहिलं की तो फूटपेगवर उतरतो, गुडघे आणि घोटे सस्पेन्शनचं निम्मं काम करतात, आणि गाडी खाली हवी तशी डुलली तरी मान स्थिर राहते. हँडल आवळून धरायचं नाही. टाकी गुडघ्यांत धरायची, हात मोकळे सोडायचे. २०१९ मध्ये एक्सपल्स ही गाडी आली, तेव्हा २१ इंची पुढचं चाक आणि जमिनीपासून २२० मिलिमीटरची उंची साध्या पगारदाराच्याही आवाक्यात आली. तेव्हापासून माळावर भेटणारी मंडळी वाढली आहेत.

दौंड-बारामतीकडचे बरड माळ शिकायला सर्वांत चांगले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं थरावर थर लाव्हा पसरला. त्याचाच बेसाल्ट ऊन-पावसात झिजून हा मुरूम झाला. वळणावर मुरूम घरंगळतो, मागचं चाक बाहेर जातं. तेव्हा थ्रॉटल एकदम सोडायचा नाही, बाहेरच्या पायावर भार द्यायचा आणि नजर वळणाच्या पलीकडे ठेवायची. मुरूम सांभाळून घेतो.

काळी माती सांभाळून घेत नाही. भीमा ओलांडून सोलापूरकडे गेलं की तिचं राज्य सुरू होतं. चैत्र-वैशाखात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या दगडासारख्या कडक होतात. पुढचं चाक एकदा चाकोरीत उतरलं की चाकोरी संपेपर्यंत तिच्याच मर्जीनं जावं लागतं. पहिला पाऊस झाला की तीच माती पाणी पिऊन फुगते. टायरच्या खाचा भरतात, टायर गुळगुळीत होतो, मातीवर माती चढत जाते आणि शेवटी मडगार्डखाली ठासून भरून चाक फिरायचं थांबतं. डर्टबाइकचं पुढचं मडगार्ड चाकापासून एवढं उंच का असतं, याचं उत्तर काळ्या रानात पाच मिनिटांत मिळतं.

मोहोळकडच्या एका शिवारात आम्ही पावसानंतर गाड्या पाणंदीत घालणार, एवढ्यात बांधावरचे आबा म्हणाले, ‘‘थांबा लेकरांनो. वाफसा आला नाही अजून. बैलसुद्धा घालत नाही आम्ही, तुम्ही इंजिन घालताय!’’ त्यांनी मातीचा गोळा हातात घेऊन दाबला, आमच्यापुढे धरला. तो फुटला नाही. फुटायला लागेल तेव्हा या, म्हणाले. ओल्या काळीवरून जड चाक गेलं की माती घट्ट दबते, मुळांना हवा मिळत नाही, आणि पाणंदीत पडलेली खोल घळ पुढं पेरणीला जाणाऱ्या प्रत्येक गाडीला भोवते. त्यांच्या पडवीत चहा पिता पिता मला माझ्या छंदाचं पंचांग मिळालं. कुठल्या मातीत कधी उतरायचं, हे तिथं राबणाऱ्याला विचारायचं. चोपण, पोयटा, बरड ही जमिनींची नावं मी तेव्हापासून टायरच्या हवेइतक्याच गांभीर्यानं लक्षात ठेवतो.

वाळू माणदेशात भेटली, माण नदीच्या कोरड्या पात्रात. पुढचं चाक रुतायला लागतं, हँडल हातात नागासारखं वळवळतं, भीती सांगते वेग कमी कर. आणि वेग कमी केला की गाडी बुडालीच. टायरची हवा कमी करायची, भार मागे न्यायचा, थ्रॉटल उघडा ठेवायचा. बंगळुरूच्या सी. एस. संतोष यांनी २०१५ साली दक्षिण अमेरिकेतली डाकार रॅली पूर्ण केली. ती पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. त्या वर्षी बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठाच्या पठारावर खारं पाणी साचलं होतं आणि त्यानं भल्याभल्यांच्या गाड्यांची वायरिंग खाल्ली. माणच्या वाळूत घामाघूम झालेल्या मला तो पराक्रम केवढा, हे दंडांतल्या कळांनी समजलं.

कोकणच्या सड्याबद्दल मात्र माझं मन स्पष्ट आहे. कोरड्या जांभ्यावर टायरला पकड अप्रतिम मिळते, पल्ला मोकळा, समोर समुद्र, मोह होतोच. पण पावसाळ्यात त्या कातळावर बोटभर माती आणि तिच्यावर फुलांचा अख्खा संसार असतो. चाकाचा एक चरा पडला, की पाणी त्यातूनच वाहतं आणि ती माती घेऊन जातं. शिवाय रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळीच्या अवाढव्य हत्तीच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ती जमिनीवरच आहेत, सपाट, आणि कित्येक ठिकाणी वेगानं येणाऱ्याला दिसणारही नाहीत. सड्यावरून गाडी नेण्याचा हक्क कुणालाही नाही, असं माझं मत आहे. तिथं चालत जावं.

माळावरही डोळे उघडे हवेत. टिटवी उघड्या मुरमावर अंडी घालते, खड्यांच्याच रंगाची. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की गाडी बंद करून आल्या वाटेनं मागं फिरावं. वेळास-आंजर्ल्याच्या पुळणीत कासवांची घरटी असतात, तिथं चाक नकोच.

नव्यानं गाडी घेणाऱ्या मित्रांनो, जरूर या. पाणंदीनं या, पेरलेल्या रानातून नको. गावात शिरल्यावर इंजिन मंद करा, बांधावर माणूस दिसला तर उतरून राम राम करा आणि माती कशी आहे ते विचारा. तो थांबा म्हणाला, तर थांबा.