वरच्या मजल्यावरची पावलं

रात्रीचे अडीच. सकाळी साडेनऊला क्लायंट कॉल. आणि डोक्यावरच्या स्लॅबवर टक... टक... टक... कुणीतरी चालतंय. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. गेल्या वर्षी सहा महिने मी हे ऐकत होतो. तुमच्याही वर असं कुणीतरी राहतंच ना?

मग 'द लॉजर' बघाच. १९२७ साली आलेला इंग्लंडचा मूकपट. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक, वय अवघं २७! 'सायको' आणि 'व्हर्टिगो' हे सगळं फार नंतरचं. पण 'हा माझा पहिला खरा सिनेमा' असं तो पुढे स्वतःच सांगायचा. मूकपट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भराभर पळणारी, धडपडणारी माणसं येतात. मीही एका शनिवारी झोप येईना म्हणूनच लावला होता. दहा मिनिटांत डोळा लागेल असा हिशेब होता. कसलं काय! दीड तास टक्क जागा.

गोष्ट अशी. लंडनमध्ये धुकं आणि भीती. दर मंगळवारी एक खून होतोय. मरणारी प्रत्येक मुलगी सोनेरी केसांची, आणि प्रत्येकीजवळ एक चिठ्ठी, त्रिकोणाची खूण आणि 'द अ‍ॅव्हेंजर' हे नाव. अशात एका मध्यमवर्गीय घराच्या दारात एक तरुण येऊन उभा राहतो. मफलरने अर्धा चेहरा झाकलेला. खोली भाड्याने हवी. खोलीच्या भिंतींवर सोनेरी केसांच्या मुलींची चित्रं आहेत, ती तो उलटी करून ठेवतो. कपाटाला कुलूप लावतो. रात्री-अपरात्री बाहेर जातो. आणि घरात डेझी नावाची सोनेरी केसांची मुलगी आहे. आता बोला!

हा भाडेकरू वरच्या खोलीत अस्वस्थपणे येरझाऱ्या घालतो आणि खाली घरमालक मंडळी कान टवकारून बसतात. पण मूकपटात पावलांचा आवाज दाखवायचा कसा? हिचकॉकने सॉलिड फंडा काढला. जाड काचेची जमीन बनवून घेतली, हीरोला तिच्यावर चालायला लावलं आणि कॅमेरा लावला खालून. खालची माणसं मान वर करून बघतात. झुंबर हलतंय. आणि मग छत जणू पारदर्शक होतं आणि बुटांचे तळवे दिसायला लागतात. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१२ साली या सिनेमाची नव्याने दुरुस्त केलेली प्रिंट आणली. तिला संगीत दिलंय नितीन साहनीने. संगीत छान आहे, पण मधे गाणी टाकलीत ती मला काही झेपली नाहीत. मी म्यूट करून बघत होतो. तरीही ती पावलं मला स्पष्ट ऐकू आली.

आता इथे थोडं मागे जायला हवं. नोकरीला लागलो तेव्हा कोथरूडला एका काकूंकडे मी पेइंग गेस्ट होतो. काकू स्वभावाने चांगल्या, पण नजर सीसीटीव्हीची. एकदा त्यांनी विचारलं, "कपाटाला कुलूप का लावतोस रे?" आत आईने दिलेले बेसनाचे लाडू होते, रूममेटपासून वाचवलेले. पण मी इतका गडबडलो की मलाच वाटलं, आत नक्की काहीतरी भयंकर आहे. त्यानंतर मी कुलूप लावणं बंद केलं. लाडू अर्थातच संपले. तर सांगायचा मुद्दा, भाडेकरू असणं म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. निदान असायला हवं होतं.

सिनेमातला डिटेक्टिव्ह आहे जो. पोलिसातला, डेझीवर लट्टू. बढाया मारत तो गंमत म्हणून तिलाच बेड्या घालून दाखवतो. पुढे डेझीचा कल भाडेकरूकडे वळतो आणि एका रात्री ती दोघं बाकावरून उठून निघून जातात. जो एकटा बसून राहतो. समोर मातीत भाडेकरूच्या बुटाचा ठसा. आणि त्या ठशातच त्याला एकेक चित्र दिसायला लागतं... सगळे धागे खटाखट जुळतात. होम्सला जे समजावायला दोन पानं लागली असती, ते इथे एकाही शब्दाशिवाय होतं. झडतीत कुलूपबंद कपाटातून बॅग निघते. पिस्तूल, खुनांच्या जागांचा नकाशा, बातम्यांची कात्रणं, एका सोनेरी केसांच्या मुलीचा फोटो. केस क्लोज्ड!

(सिनेमा बघणार असाल तर पुढचा परिच्छेद सोडा.)

फोटोतली मुलगी त्याची बहीण असते. पहिला बळी. मरणाऱ्या आईला वचन देऊन तो खुन्याला शोधत फिरत असतो. म्हणजे जोचा एकही पुरावा खोटा नाही, चुकलाय फक्त निष्कर्ष. खरा खुनी तिकडे भलतीकडेच पकडला जातो, आणि त्याचा चेहरा आपल्याला शेवटपर्यंत दिसत नाही. मेरी बेलॉक लाउंड्सची मूळ कादंबरी १९१३ सालची, जॅक द रिपरच्या खुनांवरून सुचलेली. हिचकॉकला शेवट मोकळा सोडायचा होता: भाडेकरू अंधारात निघून जातो आणि तो खुनी होता की नाही ते कुणालाच कळत नाही. पण हीरो होता आयव्हर नॉव्हेलो, तेव्हाचा सुपरस्टार. त्याला खुनी दाखवतं कोण? म्हणून मग गोड शेवट. आणि दिग्दर्शकाशी माझा इथे मतभेद आहे. गोड शेवटच जास्त बोचतो. शेवट मोकळा सोडला असता तर संशय घेणाऱ्यांना पळवाट मिळाली असती.

मला तर नक्कीच मिळाली असती.

कारण आमच्या वरच्या फ्लॅटमधला तो मुलगा... सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच्याबद्दल पहिला मेसेज माझा होता. 'रात्रभर वर काय चालतं ते एकदा बघायला हवं.' एवढंच. बाकीचं ग्रुपने केलं. कुणी लिहिलं, मोठ्या बॅगा घेऊन येतो. कुणी लिहिलं, पडदे दिवसाही बंद असतात. कुणी लिहिलं, लिफ्टमध्ये बघतसुद्धा नाही. एकही गोष्ट खोटी नव्हती. कमिटीने फ्लॅटमालकाला फोन केला आणि मार्चमध्ये त्याचं अ‍ॅग्रीमेंट रिन्यू झालं नाही.

जायच्या आदल्या दिवशी तो लिफ्टमध्ये भेटला. हातात खोके. म्हणाला, "सॉरी सर, तुम्हाला त्रास झाला ना? यूएस शिफ्ट आहे. कॉलवर असलो की मला चालायची सवय आहे." मी म्हटलं, "अरे, छे छे, तसं काही नाही." दुसरं काय म्हणणार? घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने लॅपटॉपवरून मानही वर केली नाही. "तू तरी कुठे बसून बोलतोस फोनवर?"

'लॉजर'मध्ये शेवटी त्याला बेड्या घालतात, तो निसटतो आणि लोक मागे धावतात. धावता धावता तो रेलिंगला लटकतो, बेड्या अडकतात. खाली-वर सगळीकडून हात येतात. सगळी साधी माणसं, कोपऱ्यावरच्या पबमध्ये आरामात बसलेली. तिथे मी सिनेमा पॉझ केला आणि पाणी प्यायला उठलो. किचनपासून बाल्कनीपर्यंत दोन-तीन चकरा झाल्या, तेव्हा लक्षात आलं की आपल्याही खाली कुणीतरी झोपलेलं आहे.

आता वर एक कुटुंब राहतं. त्यांच्याकडे चार वर्षांचा मुलगा आणि तीनचाकी सायकल आहे. सकाळी सहापासून घरभर घरंगळत असते. ग्रुपवर अजून कुणीही काही लिहिलेलं नाही.