संपाच्या दिवसांतली चूल

२०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप पेटला आणि आम्हां भाट्येकरांच्या नशिबी खाडीवरचा पूल पायी ओलांडून रत्नागिरी गाठणे आले. रोज रिक्षाला पैसे कोण घालणार? वाडीत जो तो संपकऱ्यांच्या नावाने बोटे मोडू लागला. एका सकाळी डबा भरताना आम्हीही तसेच काहीसे बोलून गेलो. आई चुलीपाशी बसली होती. ती एवढेच म्हणाली, "तुझ्या बापाला पण लोक असंच बोलत होते."

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, सभांमधून कामगारांच्या हक्कांवर बोलणारे! मान खाली घालून बाहेर पडलो.

वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आमच्या घरची मनिऑर्डर थांबली आणि पावसाच्या तोंडावर वडील ट्रंक घेऊन गावी आले. आईने लोकांच्या लावण्या केल्या, कलमांच्या बागेत पेट्या वाहिल्या, कानातल्या कुड्या मोडल्या. संप वडिलांनी केला खरा, पण तो पेलला आईने. कामगार चळवळीच्या इतिहासात या बायांची नोंद किती सापडते?

वाचकहो, संप हा गुन्हा नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३८ सालीच मुंबईच्या विधानसभेत ठणकावून सांगितले होते. औद्योगिक कलह विधेयकाला विरोध करताना त्यांचा मुद्दा असा होता की, काम सोडणे हा फार तर कराराचा भंग होईल. त्यासाठी माणसाला तुरुंगात टाकणे म्हणजे त्याला गुलाम करणे. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला. विधेयक तरीही मंजूर झालेच.

आज फ्रान्स आणि इटलीच्या संविधानांत संपाचा हक्क लिहिलेला आहे. आपल्या संविधानाच्या १९ व्या कलमात संघटना करण्याचा मूलभूत हक्क आहे, संपाचा नाही. सरकारी नोकरांना तर संपाचा नैतिक हक्कसुद्धा नाही, असे सर्वोच्च न्यायालय २००३ साली म्हणाले. (नैतिक काय ते न्यायालयाने ठरवावे, हे आमच्या गळी अजून उतरलेले नाही.) जर्मनीतही नेमणुकीच्या सरकारी अधिकाऱ्यांना संपाची बंदी आहे. पण तिथल्या आयजी मेटालसारख्या कामगार संघटना वर्गणीच्या पैशातून संपकरी सभासदांना भत्ता देतात. म्हणजे संपातही चूल पेटते. आपल्याकडे वर्गणीची पावती फाडताना हा हिशेब कितीजण विचारतात? आम्ही स्वतः कधी विचारला नव्हता.

१४ मार्च २०२३ पासून जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी कर्मचारी संपावर गेले, त्यांत आम्हीही होतो. सात दिवसांत तो मिटला. आदल्या रात्री आईला भीत भीत सांगितले. कशासाठी, हे तिने विचारलेच नाही. डब्याचे झाकण उघडून आत पाहिले आणि म्हणाली, "किती दिवसांचे तांदूळ भरून ठेवू?"